घरच्या काचपेटीत आपल्या नदीचे मासे



या स्मृती व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा मी मुद्दाम एक लहानसा विषय घेतला. बेळगाव-निपाणी भागातील कितीतरी घरांच्या दिवाणखान्यात माशांची काचपेटी असते. तिच्यातील गोल्डफिश मूळचा चीनचा, तर गप्पी आणि एंजल दक्षिण अमेरिकेतले. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय या आपल्या नद्यांतील एखादा मासा मात्र तिच्यात सहसा दिसत नाही. ज्या नदीचे पाणी आपण पितो, तिच्यातील चार माशांची नावेही आपल्याला सांगता येऊ नयेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. घरची काचपेटी ही उणीव भरून काढू शकते, असे मला वाटते. मात्र त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात.

दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय ओळख कर्नल विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली करून दिली. त्याने अनेक माशांच्या शास्त्रीय नावांत येथील बोलीतील नावेच गुंफली. ‘गारा मुल्या’ हे त्यांपैकीच एक. हा मळ्या मासा आपल्या ओढ्यानाल्यांत आजही आढळतो. त्याच्या तोंडाखाली एक मांसल चकती असते. तिच्या साहाय्याने तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरील शेवाळ खरवडून खातो. पेटीत त्याला गुळगुळीत गोटे, भरपूर उजेड आणि पंपाने खेळते ठेवलेले पाणी हवे. साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो तग धरत नाही.

संथ पाण्यातील माशांपैकी पेथिया टिक्टो हा बोटाएवढा मासा नवशिक्यास उत्तम. रुपेरी अंगावर दोन काळे ठिपके ही त्याची खूण, आणि विणीच्या काळात नराच्या अंगावर व परांवर लाली चढते. तो एकटा ठेवू नये. सहा-आठांचा थवा असला तरच तो निर्धास्त वावरतो. परांबासिस रंगा हा काचेसारखा पारदर्शक मासा असून त्याच्या अंगातून काटे मोजता येतात. परदेशी बाजारात याच माशाच्या अंगात सुईने रंग टोचून तो ‘रंगीत’ म्हणून विकला जात असे. निसर्गाने दिलेली पारदर्शकता माणसाला पुरेशी वाटली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मरळीच्या कुळातील चन्ना गचुआ मात्र स्वतंत्र पेटीतच ठेवावा, कारण लहान मासे तो गिळून टाकतो. तो पाण्यावर येऊन हवेतून श्वास घेतो, म्हणून झाकण आणि पाणी यांत थोडी जागा सोडावी. झाकण पक्के असावे, कारण तो उडी मारून बाहेर पडतो. या माशाचा नर अंडी स्वतःच्या तोंडात सांभाळतो. पितृत्वाचा हा पाठ वर्गात शिकविण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखविणे अधिक परिणामकारक.

आता पेटीच्या व्यवस्थेविषयी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे 55 लिटर पाणी मावते. प्रारंभाला एवढी पेटी पुरे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषासारखा असतो. वाळू, दगड व गाळणीच्या स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य. हे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी भरली त्याच दिवशी डझनभर मासे सोडणे म्हणजे त्यांना विषात सोडणे होय. दर आठवड्यास चौथाई पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन निघून जावे म्हणून ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे. स्पंज नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा, म्हणजे जिवाणू मरत नाहीत.

देशी माशांचा एक मोठा फायदा असा की, बेळगावच्या थंडीतही त्यांना पाणी तापविण्याचे उपकरण सहसा लागत नाही. त्यांचे ऋतुचक्र येथलेच आहे. पहिल्या पावसाच्या गार, नव्या पाण्याबरोबर चढणीचे मासे वर सरकतात, हे आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. जून महिन्यात पेटीत थोडे थोडे गार पाणी घालत गेल्यास टिक्टोसारखे मासे विणीस प्रवृत्त होऊ शकतात.

हौसेला मर्यादा हवी. केरळातील डेनिसन बार्ब हा लाल पट्ट्याचा सुंदर मासा जगभरच्या मागणीपायी इतका पकडला गेला, की तो संकटग्रस्त ठरला. आपल्याजवळचे उदाहरण आंबोलीचे. तेथे हिरण्यकेशीच्या उगमाशी ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी जात 2020 मध्ये शास्त्राला ज्ञात झाली, आणि 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते स्थळ जैवविविधता वारसा म्हणून घोषित केले. हीच नदी पुढे संकेश्वरावरून वाहते. अशा मर्यादित क्षेत्रातील जातींना हात लावू नये. सर्वत्र विपुल असणारे मोजके मासेच घ्यावेत.

दुसरे पथ्य याहूनही महत्त्वाचे. पेटीतला मासा, देशी असो वा परदेशी, नदीत किंवा तलावात कधीही सोडू नये. उत्तर अमेरिकेतील ब्लूगिल हा सनफिश कुळातील मासा 1960 साली जपानच्या तत्कालीन युवराजांना भेट म्हणून मिळाला. पुढे तो तेथील जलाशयांत पसरला आणि मूळच्या माशांचा काळ ठरला. सम्राट झालेल्या अकिहितो यांनी 2007 मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आपल्याकडेही 1952 मध्ये आणलेला आफ्रिकेतील तिलापिया अनेक जलाशयांत ठाण मांडून बसला आहे. एकदा पाण्यात पसरलेला मासा परत वेचून काढता येत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत अशी एक पेटी असावी, आणि तिच्यावर माशाचे नाव, तो कोणत्या ओढ्यातला व कधी आणला याची नोंद मुलांनी स्वहस्ते लिहावी, अशी माझी विनंती आहे. दहा वर्षे ती नोंदवही नीट चालली, तर आपल्या ओढ्यांत काय होते आणि काय उरले, याचे उत्तर ती देईल.