घाण पाणी उचलणारे यंत्र : तबकड्यांच्या धुलाईविषयीचे काही गैरसमज

नाशिक परिसरातल्या घरी ग्रामोफोनच्या तबकड्या धुण्यासाठी यंत्र घ्यायचे ठरले की ब्रश किती मऊ, मोटर किती ताकदीची आणि किंमत किती, याच तीन गोष्टींची चौकशी बहुधा होते. परंतु घासण्याने घाण फक्त सुटते, तबकडीवरून ती जाते ती पाण्याबरोबर, आणि ते पाणी वाळण्याआधी उचलले गेले नाही तर सुटलेली घाण तिथल्या तिथे पुन्हा बसते. यंत्राची खरी परीक्षा घाण पाणी उचलण्यात आहे. ही एक गोष्ट लक्षात घेतली की या विषयातील बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात आणि बेताच्या खर्चात चांगले यंत्र निवडणेही सोपे होते.

ही धुलाई ज्या जागेत व्हायची असते ती जागा किती लहान असते, हे आधी पाहिले पाहिजे. मिनिटाला 33⅓ फेरे घेणाऱ्या लाँग प्ले म्हणजे एलपी तबकडीची खाच साधारण 0.05 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही अरुंद. आणि वीस मिनिटांच्या एका बाजूवर अशा खाचेचे सुमारे 667 वेढे असून ते उलगडून सरळ केले तर लांबी 400 मीटरच्या आसपास भरेल. या चराच्या दोन्ही भिंतींवर ध्वनीच्या लाटा कोरलेल्या असतात, आणि सुई त्या भिंतींना टेकून चालते. फडक्याचा धागा या चरात शिरत नाही, ब्रशचे केसही पुरते तळाशी पोहोचत नाहीत. तिथे पोहोचते ते पाणी, तेही त्याचा पृष्ठताण मोडला असेल तरच.

दुसरी गोष्ट तबकडीच्या जातीची. ‘रेकॉर्ड’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या पदार्थांना लावला जातो आणि सर्वांत महागडी चूक इथेच होते. नाशिकपुरते उदाहरण घ्यायचे तर 1921 मध्ये याच शहरात जन्मलेले गायक पं. दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचे घेता येईल. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे हे चिरंजीव 1955 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले; त्यांच्या हयातीतील ध्वनिमुद्रिका मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकड्यांवर आल्या आणि पुढे त्यांचे गाणे एलपीवरही निघाले. एकाच घरातील एकाच फळीवर त्यांचा आवाज दोन्ही रूपांत सापडू शकतो, आणि एका रूपाला जी धुलाई मानवते ती दुसऱ्याला मारक ठरते.

एलपी व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकच्या कुळातली असते. ती किंचित वाकते आणि पडली तरी सहसा फुटत नाही. 78 ची तबकडी बहुधा लाखेची असते. लाख हा किड्याच्या स्रावापासून मिळणारा राळेसारखा पदार्थ असून त्यात दगडाची पूड, काजळी आणि तंतू मिसळून ही तबकडी दाबली जाते. ती जाड, जड आणि ठिसूळ असते व हातातून निसटली तर कौलासारखी फुटते. आता ‘स्पिरिटने पुसली की कोणतीही रेकॉर्ड लख्ख होते’ हा समज पाहावा. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरचे पॉलिश तयार करतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगावे लागत नाही. लाखेच्या तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवणे म्हणजे तिचे पॉलिश करून टाकणे होय. बोळा काळा होतो, तो काळेपणा मळ समजला जातो, आणि प्रत्यक्षात गाणेच त्या कापसावर उतरलेले असते. व्हिनाइलवर अल्कोहोलचे सौम्य मिश्रण थोडा वेळ चालते आणि तेलकट थरावर ते उपयोगीही पडते, पण तबकडी कशाची आहे याची खात्री नसेल तर अल्कोहोलची बाटली बंदच ठेवावी. बाजारातील तयार धुलाई-द्रवांपैकी काहींत अल्कोहोल असते, त्यामुळे बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय ते लाखेवर घालू नयेत.

वाजवण्यापूर्वी कोरड्या सुती फडक्याने पुसण्याची सवय घरोघरी आहे आणि तीच स्वच्छता मानली जाते. व्हिनाइल घासले की त्यावर स्थितिक विद्युतभार साठतो, म्हणजे केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो तसे ते हवेतली धूळ ओढू लागते. फडक्याने वरची धूळ चरात ढकलली जाते आणि तबकडी पुन्हा धूळ गोळा करायला लागते. नाशिकच्या कोरड्या हिवाळी हवेत हा प्रकार अधिक जाणवतो. कार्बन तंतूंचा ब्रश हलक्या हाताने फिरवणे हा रोजच्या धुळीवर चांगला उपाय आहे, पण वर्षानुवर्षांचा मळ त्याने निघत नाही.

मळ कोणता आहे यावर यंत्राची निवड ठरते, आणि त्या बाबतीत नाशिक जिल्हा एकसारखा नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळा दांडगा, इगतपुरीला तर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस. तिथे माळ्यावर राहिलेल्या तबकड्यांवर पांढुरकी, जाळीदार बुरशी सापडते. सिन्नर, येवला, मालेगाव या कोरड्या पूर्व पट्ट्यात त्रास बारीक मातीचा. शहरातल्या जुन्या वाड्यांत तिसराच थर असतो : फोडणीचा धूर, उदबत्तीची काजळी आणि बोटांचे तेल यांचा मिळून झालेला चिकट पापुद्रा, ज्यावर धूळ पक्की बसते. कोरडी माती साध्या पाण्याच्या धुलाईत जाते. चिकट थराला ओलावा देणारे द्रव्य आणि थोडा वेळ लागतो. बुरशीला तर पाणी शोषून घेणारे यंत्रच हवे, कारण ती एका तबकडीवरून निघून सामायिक पाण्यातून दुसरीवर जाऊ शकते. बुरशी धरलेल्या तबकड्या घराबाहेर किंवा गॅलरीत, तोंडाला मास्क लावून आधी हलक्या ब्रशने झटकाव्यात व बाकीच्यांबरोबर धुऊ नयेत.

पाण्याविषयीचा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे. ‘पिण्याजोगे पाणी रेकॉर्डला चालेलच’ असे मानले जाते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. समजा, पाण्यात लिटरला 300 मिलिग्रॅम क्षार आहेत, म्हणजे ते मानकात अगदी बसते. त्यातले 5 मिलिलिटर पाणी तबकडीवर वाळले तर दीड मिलिग्रॅम क्षार त्या 0.05 मिलिमीटरच्या चरांत मागे राहतात, आणि नंतर ते सुईखाली तडतडतात. बोअरवेलच्या पाण्यात क्षार बहुधा याहून जास्तच असतात. घरच्या आरओ यंत्राचे पाणीही क्षाररहित नसते, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार मुद्दाम राखले जातात. यावर उपाय स्वस्त आहे : गाडीच्या बॅटरीत भरण्यासाठी पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त पाणी. मागताना ‘पाणी’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा, कारण त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही असते. आरंभीचा जाड मळ नळाच्या पाण्याने काढायला हरकत नाही. शेवटचे विसळणे मात्र क्षारमुक्त पाण्यानेच झाले पाहिजे.

फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, ही समजूत कपड्यांच्या धुलाईतून आलेली आहे. साबणी द्रव्याचे इथले काम पाण्याचा पृष्ठताण मोडून त्याला चरात उतरवणे एवढेच असते, आणि त्यासाठी लिटरभर पाण्याला काही थेंब पुरतात. भांड्यांच्या साबणातील रंग आणि सुगंध मागे थर ठेवू शकतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने आपल्या प्रचंड संग्रहासाठी टर्जिटॉल हे आयनरहित, म्हणजे विद्युतभार न धरणारे द्रव्य अत्यंत सौम्य प्रमाणात वापरले आणि ते नंतर शुद्ध पाण्याने धुऊन काढण्यावर भर दिला. घरच्या धुलाईनेही हाच धडा गिरवावा.

आता यंत्रे. सर्वांत स्वस्त प्रकार पन्हळीचा : उभ्या अरुंद पात्रात द्रव भरायचा, दोन ब्रशांच्या मधे तबकडी उभी धरायची आणि हाताने फिरवायची. अमेरिकेचे स्पिन-क्लीन आणि जर्मनीचे क्नोस्टी ही या प्रकारातील प्रसिद्ध नावे. ‘हे खेळणे आहे, यात काही निघत नाही’ असे जे म्हटले जाते ते खरे नाही. दहा-वीस तबकड्यांनंतर पात्राच्या तळाशी बसलेला करडा गाळ पाहिला की त्याचे उत्तर मिळते. उणीव वेगळीच आहे. विसाव्या तबकडीला पहिल्या एकोणीस तबकड्यांचे पाणी लागते आणि वाळवणे फडक्यावर सोडलेले असते. म्हणून दोन पात्रे ठेवावीत, एक धुण्याचे व एक निव्वळ क्षारमुक्त पाण्याने विसळण्याचे, आणि पाणी तबकड्या मोजून नव्हे, गढूळ दिसताच बदलावे. शंभर-दीडशे तबकड्यांच्या घराला एवढे पुरते, आणि त्याहून जास्त खर्च करण्याचे कारण नाही. लाखेच्या तबकड्या मात्र या पात्रात भिजत ठेवू नयेत, कारण त्यांतले तंतू पाणी शोषतात; शिवाय मधल्या कागदी लेबलला पाणी लागले तर जुनी शाई ओघळते.

दुसरा प्रकार शोषणाचा. तबकडीवर द्रव पसरून ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवायचा आणि मग मखमलीच्या ओठांची चीर असलेल्या नळीतून ते सगळे ओढून घ्यायचे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये कीथ मंक्स यांच्या यंत्राने शोषणाची पद्धत ग्रंथालये आणि नभोवाणी केंद्रांत रूढ केली. आजच्या यंत्रांत मोटरने फिरणारी आणि हाताने फिरवायची असे दोन भाग आहेत, आणि बेताच्या खर्चाचे खरे उत्तर हाताने फिरवायच्या यंत्रात आहे, कारण किंमत वाढते ती बहुतेक फिरवणाऱ्या मोटरमुळे, आणि स्वच्छता मात्र शोषणातून येते. एक-दोन फेऱ्यांतच पाणी निघते. तबकडी कोरडी झाल्यावरही शोषण चालू ठेवले तर स्थितिक विद्युत तयार होते. मखमलीचे ओठ दर काही तबकड्यांनंतर ब्रशने झाडावेत, नाहीतर पहिलीची वाळू दुसरीवर ओढली जाते. 78 च्या तबकड्या बहुधा दहा इंची असतात आणि नळीची चीर बारा इंची एलपीच्या मापाची. कडेबाहेर उरलेली चीर हवा ओढत राहते आणि शोषण ढिले पडते. त्यासाठी लहान मापाची नळी मागवावी किंवा उरलेल्या चिरेवर चिकटपट्टी लावावी. मराठी घरांतल्या संग्रहात नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या 78 च्या तबकड्या भरपूर असल्याने ही बाब खरेदीपूर्वीच विचारावी. परदेशातून मागवलेले यंत्र 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचे आहे ना, हेही पाहावे. अमेरिकी बाजाराचे 120 व्होल्टचे यंत्र इथल्या प्लगमध्ये थेट लावले तर जळते.

घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला नळी जोडून असे यंत्र स्वतः बनवता येते, हे खरे आहे, आणि हौशी संग्राहक ते करतातही. पण साधा कोरडा व्हॅक्यूम क्लीनर पाणी ओढण्यासाठी केलेला नसतो, पाणी मोटरपर्यंत जाऊन झटका बसू शकतो. ‘वेट अँड ड्राय’ प्रकारचेच यंत्र घ्यावे. सुतारकामाचा पांढरा डिंक ओतून वाळल्यावर सोलण्याचा उपायही सांगितला जातो. व्हिनाइलवर तो कधी साधतो, पण थर अर्धा तुटला तर तुकडे चरात राहतात, आणि ठिसूळ लाखेवर ती ओढाताण करूच नये.

अल्ट्रासॉनिक, म्हणजे श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या यंत्रांभोवती सध्या सर्वाधिक आकर्षण आहे. सेकंदाला 40,000 किंवा त्याहून अधिक कंपनांनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्या धक्क्याने मळ सुटतो; पद्धत खरी आहे. पण ती फक्त मळ सोडवते. सुटलेला मळ त्याच टाकीतल्या पाण्यात तरंगत राहतो, म्हणून गाळणी, पाणी बदलणे आणि विसळणे इथेही चुकत नाही. दागिन्यांच्या स्वस्त टाकीत तबकड्या फिरवण्याची युक्ती करताना पाणी चाळीस अंशांच्या खाली राखावे लागते, कारण टाकी चालता चालता तापते आणि व्हिनाइल उष्णतेने वाकते. तडे गेलेल्या लाखेच्या तबकड्या या टाकीत घालू नयेत.

धुतल्यावर सगळी खरखर जाईल, ही अपेक्षाही दुरुस्त करावी लागते. मळाची तडतड जाते. पोलादी सुया वेळच्या वेळी न बदलल्याने झिजलेल्या भिंती, ओरखड्याची दर फेऱ्याला येणारी टकटक आणि बुरशीने कुरतडलेले खड्डे कोणतेही यंत्र भरून काढत नाही. दोनदा धुऊनही आवाज तोच असेल तर तो दोष तबकडीचा समजावा आणि तिसऱ्यांदा घासू नये.

धुतलेली तबकडी तिच्या जुन्या, धुळीने भरलेल्या पाकिटात परत गेली तर सारे श्रम वाया जातात, म्हणून नव्या आतल्या पाकिटांचा खर्च यंत्राच्या खर्चातच धरावा. जुनी पाकिटे मात्र फेकू नयेत. 78 च्या तबकड्यांच्या खाकी पाकिटांवर विकणाऱ्या दुकानाचे नाव किंवा शिक्का असतो, कधी पेनाने लिहिलेली खरेदीची तारीख असते, आणि कोणत्या गावात कोणते गाणे कुठून आले याचा तोच एक कागदी पुरावा उरलेला असतो. ती पाकिटे झटकून, सपाट करून, तबकडीचा क्रमांक पेन्सिलीने टिपून वेगळी ठेवावीत.