जुनं गोंदण झाकायचंय? सुई टोचण्याआधी एवढं ऐका

बडनेरा आणि आसपासच्या गावांतल्या गटांच्या बैठकीत अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. हप्ता भरून झाला, रजिस्टर मिटलं, की एखादी ताई मागं थांबते, बाही वर करते आणि हळूच विचारते, "ताई, हे झाकता येते काय?" कोणाच्या हातावर सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव असतं. कोणी यात्रेत मैत्रिणींच्या नादानं काहीतरी काढून घेतलेलं असतं. कोणाच्या लेकीला भरतीला जायचं असतं. प्रश्न एकच वाटतो, पण तिघींची उत्तरं वेगळी आहेत. म्हणून आज यावरच बोलू.

वऱ्हाडात गोंदण नवं नाही. आपल्या आज्यांच्या हनुवटीवर ठिपके, मनगटावर तुळस असायचीच. सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं, असं त्या म्हणायच्या. मेळघाटातल्या कोरकू बायांचं गोंदण तर ओळखूच येतं. त्याला कोणी गावंढळ म्हटलं तर आम्हाला पटत नाही. पण जिला सहा-सात वर्षांची असताना चार बायांनी धरून गोंदलं, तिला आज ते नको असेल, तर हात तिचा आहे. सासूला, नवऱ्याला विचारायचं की नाही हे तिनं ठरवावं, गटानं नाही.

आता मुख्य गोष्ट. नवीन चित्र काढल्यानं जुनं गोंदण जात नाही. ते तिथंच राहतं आणि त्याच जागी आणखी शाई भरली जाते. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो. शाई त्याच्या खालच्या थरात असते, म्हणून ती घासून निघत नाही. अंगातल्या सफाई करणाऱ्या पेशी तिला बाहेरचा कचरा समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत, पोटात धरून बसतात. २०१८ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर पाहिलं, की अशी एक पेशी मेली की तिच्यातून सुटलेली शाई शेजारची नवी पेशी गिळून घेते. काजळी भरलेलं आजीचं गोंदण साठ वर्षांनीही दिसतं ते यामुळे. रेघा मात्र हळूहळू पसरतात, हिरवट-निळ्या होतात.

झाकायचं म्हणजे काय, हे लुगडं रंगवण्यावरून समजून घ्या. पिवळ्या लुगड्यावर काळा रंग चढतो, काळ्यावर पिवळा चढत नाही. कातडीतही तसंच. पांढऱ्या किंवा फिक्या शाईनं काळं नाव लपत नाही, थोड्या दिवसांत ते खालून डोकावतं. म्हणून नवीन चित्र जुन्यापेक्षा गडद लागतं आणि मोठं लागतं, बहुतेक वेळा दुप्पट-तिप्पट. दाट पानं, मोठं फूल, मोरपीस अशी चित्रं यासाठी बरी पडतात, कारण त्यांचा सगळ्यात गडद भाग नेमका जुन्या रेघेवर आणता येतो. नुसती बारीक वेल काढून नाव झाकतो असं कोणी म्हणत असेल, तर त्याला आधी जुन्या गोंदणावर पारदर्शक कागद ठेवून नक्षी काढून दाखवायला सांगा. कागदावर नाव दिसत राहिलं, तर हातावरही दिसणार. मोबाइलमधले फोटो पाहून भुलू नका, ते त्याच दिवशी काढलेले असतात. सहा महिन्यांनी कसं दिसतं ते विचारा. आणि जिथं कातडी फुगून वण झालाय, तिथं रंग बदलेल, उंचवटा तसाच राहील.

मोठं लागतं, ही गोष्ट भरतीच्या पोरींनी फार नीट ऐकावी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत गोंदण चालतं, पण ते डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूला किंवा पंज्याच्या मागच्या बाजूला असावं लागतं. उजव्या हातानं सलाम करतात, म्हणून कोपराखाली डावाच हात. शिवाय त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा ते लहान हवं. देवाचं चिन्ह किंवा नाव याला हरकत नाही. म्हणजे बघा, डाव्या हातावर 'आई' एवढंच लिहिलेली पोरगी नियमात बसत असते आणि ते झाकायला मोठं कमळ काढलं की नियमाबाहेर जाते! अशा पोरीनं काहीही करू नये. उजव्या हातावर असेल तर झाकून उपयोग नाहीच, काढायचाच विचार करावा लागतो. सैन्याचे नियम थोडे वेगळे आहेत, त्यामुळे ज्या भरतीला जायचं तिची जाहिरात वाचूनच ठरवा.

काढायचं म्हणजे लेझरनं. लेझरच्या उजेडानं शाईचे बारीक तुकडे होतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. काळी शाई लवकर फिकी होते, हिरवी-पिवळी त्रास देते. एका बैठकीत होत नाही, दोन बैठकींमध्ये दीड-दोन महिने जाऊ द्यावे लागतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहू शकतात, म्हणून हे त्वचारोग डॉक्टरकडेच करायचं. भरती पुढच्या महिन्यात आणि लेझर आज, असं जमत नाही. पूर्ण काढणं परवडत नसेल तर एक-दोन बैठकींत गोंदण फिकं करून मग झाकता येतं. तेव्हा नवीन चित्र तेवढं मोठं आणि काळं करावं लागत नाही.

बिब्बा, चुना, अ‍ॅसिड यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. गोंदण जातं की नाही हा पुढचा प्रश्न, कातडी आधी जळते. बिब्ब्याचं तेल उतलं की काय होतं, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. नावाच्या जागी जन्मभराचा वण राहतो, आणि त्या वणावर पुढे चित्रही नीट बसत नाही.

चित्रापेक्षा सुई महत्त्वाची. यात्रेत एकच मशीन, एकच सुई, शाईची एकच वाटी आणि समोर बायांची रांग असते. सुई पाण्यात बुडवली म्हणजे साफ झाली नाही. काविळीचे बी आणि सी हे प्रकार आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. म्हणून सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे, शाई छोट्या टोपणात वेगळी काढली पाहिजे आणि उरलेली फेकली पाहिजे, हातमोजे नवे हवेत. हे मागताना लाजू नका. पैसे आपण देतो. पोटुशी असाल, साखर वाढलेली असेल, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर आत्ता नको. तीळ किंवा मस असेल त्यावर शाई भरू देऊ नका, पुढे त्यात बदल झाला तर डॉक्टरला दिसणार नाही.

वेळही पाहा. जखम वरून भरायला दोन-तीन आठवडे लागतात. निंदण, फवारणी किंवा कापूस वेचणी सुरू असताना हात धुळीत, औषधात जाणारच. कामाचा रेटा कमी असेल तेव्हा करा. हळद, राख, तेल लावू नका, खपली ओढू नका, साबण-पाण्यानं हलक्या हातानं धुवा. लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला तर थेट दवाखाना.

गटातून यासाठी कर्ज द्यावं का, यावर आमच्या एका बैठकीत चांगलाच वाद झाला. "पोरांच्या फीले पैसे नाही अन् गोंदनाले कर्ज?" असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "रोज भाकर थापताना त्याचं नाव दिसते, ते तुले काय माहीत?" आम्हाला दुसरीचं म्हणणं जास्त पटलं. परतफेड होणार असेल तर बाईला कारण सांगायची सक्ती नको. शेवटी गटानं छोटी रक्कम मंजूर केली, व्याज नेहमीचंच.

नवीन गोंदण केल्यावर १२ महिने रक्तदान करता येत नाही, हे शिबिराच्या दिवशी आठवणीनं सांगा. आणि ज्यांनी आधीच यात्रेत करून घेतलंय, त्यांनी घाबरत बसण्यापेक्षा तपासणी करून घ्यावी. अमरावतीला इर्विनमध्ये एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. काविळीच्या बी आणि सी प्रकारांची तपासणी आणि उपचारही सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. गोंदून दोन-चार दिवसच झाले असतील तर एचआयव्हीच्या तपासणीत काही दिसणार नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.