शर्यतीची हवा आणि घरची गाडी

दुबई-कुवेतहून सुट्टीवर आलेल्या आपल्या मुलांकडून एक गोष्ट हमखास ऐकू येते: "उन्हाळ्यात टायरची हवा पाच-सहा पौंड कमीच ठेवायची. रेसवालेही तेच करतात." रेसवाल्यांबद्दलचे म्हणणे खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र जिवावर बेतू शकतो.

बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो, हे आपली मुले शाळेत शिकतात. सकाळी २७ अंशांना ३२ पौंड भरलेला टायर ५७ अंशांपर्यंत तापला, तर काटा साधारण ३६-३७ दाखवतो. २०११ साली सुरू झालेल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या ट्रॅकवर जोरदार ब्रेक आणि तीव्र वळणे यांमुळे टायर काही फेऱ्यांतच यापेक्षा कितीतरी जास्त तापतात. म्हणून चालक थंड टायरमध्ये समजा २४ पौंड ठेवतो. ८७ अंशांना तोच आकडा ३२ च्या आसपास जातो. गाडी थांबताच, टायर गरम असतानाच, तो पुन्हा मोजतो. थोडक्यात, तो कमी हवेवर पळत नाही, फक्त कमी हवेने सुरुवात करतो. शिवाय गाडीत तो एकटाच असतो.

आता आपली गाडी पाहा. म्हसळ्याहून माणगाव, पेण, पनवेल करत मुंबई विमानतळ. आत सात माणसे, वर परदेशी जाणाऱ्याच्या बॅगा, आणि अम्मीने बांधून दिलेले सुके बोंबील वेगळेच! एवढ्या वजनाखाली कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि सुटतो. त्याच्या बाजूची भिंत सतत वाकून आतून तापते, रबर आणि आतले थर सुटू लागतात आणि भर वेगात टायर फुटतो. लोक म्हणतात, "हवा जास्त झाली." बहुतेक वेळा ती कमी झालेली असते. समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याला टायर तपासणीची मोहीम घ्यावी लागली, ती उगाच नव्हे.

योग्य आकडा कुठे मिळेल? बहुतेक गाड्यांत चालकाचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर दिसते. कमी माणसांसाठी एक आकडा, भरलेल्या गाडीसाठी दुसरा, बहुधा मागच्या चाकांना जास्त. हे आकडे थंड टायरचे असतात आणि प्रवासात वाढणारा दाब कंपनीने आधीच धरलेला असतो. म्हणून वाटेत चहाला थांबल्यावर काटा वर गेलेला दिसला, तरी हवा सोडू नका. टायरवर छापलेला कमाल दाब हा भरण्याचा आकडा नव्हे. नायट्रोजनही तापला की जवळजवळ हवेइतकाच फुगतो. पैसे द्यायचे तर द्या, पण मोजणे टळत नाही.

आपल्या किनाऱ्यावर खरा धोका आहे तो अंगणात ताडपत्रीखाली दहा-अकरा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचा. मालक परदेशात, हवा महिन्याला पौंड-दोन पौंड आपोआप उतरते, खाऱ्या वाऱ्याने रिम गंजली की आणखी लवकर. मालक येतो आणि दुसऱ्याच दिवशी सगळे कुटुंब घेऊन लग्नाला निघतो. अशा गाडीची हवा आधी भरा, टायरच्या बाजूला भेगा आहेत का पाहा आणि चार अंकी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीही मोजा, बहुतेक घरांत ती गाडी घेतल्यापासून कुणी पाहिलेलीच नसते.