माउसला चाक नाही? बटनाने स्क्रोल करा
मनगट दुखायला लागलं म्हणून मी ट्रॅकबॉल घेतला. बॉल मस्त, पण चाकच नाही! स्क्रोल कसं करणार?

लिनक्सवर, एक्सऑर्ग वापरत असाल तर, लिबइनपुटमध्ये स्क्रोल मेथड 'बटन' ठेवा आणि स्क्रोल बटन 8 द्या. 8 म्हणजे सहसा 'बॅक'चं बटन. ते दाबून धरा, बॉल फिरवा, पान सरकतं. नुसतं क्लिक केलं तर बॅक होतंच.

पण सारखं दाबून धरलं की अंगठा दुखतो, म्हणजे दुखणं फक्त जागा बदलतं! म्हणून 'स्क्रोल बटन लॉक' चालू करा. एकदा दाबलं की स्क्रोल सुरू, पुन्हा दाबलं की बंद.

एक्सइनपुट कमांडने केलेला बदल रीस्टार्टनंतर उडतो (माझा दोनदा उडाला), त्यामुळे एक्सऑर्गच्या कॉन्फिग फाइलमध्येच लिहून ठेवा. वेलँडवर हा मार्ग चालत नाही. तिथे डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये बघा.