तोटीखालून ओघळणारा चहा

चहा ओतताना शेवटचे चार थेंब कपात न पडता तोटीच्या पोटावरून ओघळत टेबलावर का उतरतात, हा प्रश्न १९५६ साली ‘फिजिक्स टुडे’ या मासिकात मार्कस रायनर यांनी रीतसर विचारला. प्रश्न घरगुती, पण विचारणारा माणूस मोठा होता. हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले रायनर आणि अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांची नावं ‘रिऑलॉजी’च्या, म्हणजे पदार्थांच्या वाहण्याच्या शास्त्राच्या, संस्थापकांमध्ये घेतली जातात. टूथपेस्ट, रंग, कणीक असे धड घन नाहीत आणि धड द्रवही नाहीत, ते पदार्थ हा या शास्त्राचा खास प्रांत. कुंभाराच्या चाकावरची माती त्यातलीच.

मला गंमत वाटते ती ही, की चहादाणी घडवणाऱ्याला या शास्त्राची दोन्ही टोकं एकाच भांड्यात सांभाळावी लागतात. माती वाहायला हवी, पण हात काढताच थांबायला हवी. चहा वाहायला हवा, पण कड आली की सुटायला हवा. मडकं, पणती, कुंडी यांना पहिलीच अट लागू असते. चाकावर उभं आयुष्य काढलेले लोकही चहादाणीला जरा दबकून असतात, ते त्यामुळेच.

आधी मातीचं पाहू. चिकणमातीतले केओलिनाइटसारखे कण म्हणजे चपटे पापुद्रे. एक मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याहूनही लहान. दोन पापुद्र्यांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून पत्त्यांच्या कॅटातली पानं सरकावीत तसे ते एकमेकांवरून सरकतात. पण थोड्याशा जोराला दाद देत नाहीत. ठरावीक मर्यादेपर्यंत माती हलत नाही, ती ओलांडली की वाहते आणि जोर ओसरला की आहे तिथेच उभी राहते. या वागण्याला बिंगहॅम यांनी गणितात बसवलं. मात्र चाक फिरत असताना बोटं माती वर ओढतात, तेव्हा पापुद्रे वाटेल तसे पडून राहत नाहीत. बोटं ज्या मळसूत्री वाटेने गेली, त्या वाटेने ते ओळीने लागतात. हे पुढे तोटीत नडतं.

चाकावरच्या चहादाणीचा एक मोठा अड्डा जपानात, नागोयाजवळच्या तोकोनामे गावात आहे. चीनमधल्या यीशिंगच्या लाल चहादाण्या जगप्रसिद्ध असल्या, तरी परंपरेने त्या चाकावर होत नाहीत. मातीचे तुकडे थापीने चोपून पातळ करतात आणि जोडतात. १८७८ साली यीशिंगच्या पद्धतीचे जाणकार जिन शिहंग तोकोनामेला आले. तिथल्या कारागिरांनी त्यांच्याकडून ते तंत्र शिकून घेतलं आणि पुढे चहादाणी आपल्या चाकावर चढवली. त्या काळात हे गाव सांडपाण्याचे मातीचे नळ करण्यात गुंतलेलं होतं. जुने नळ रचून केलेली एक भिंत आजही तिथे बघायला मिळते. याच गावच्या तिसऱ्या यामादा जोझान यांना १९९८ साली जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला, तोही चहादाण्यांसाठी.

तिथली चहादाणी लहान असते, मूठ बाजूला, तोटीशी काटकोनात असते. चाकावर मातीचा मोठा ढीग ठेवून त्याच्या शेंड्यातून पोट, झाकण, तोटी, मूठ असे एकेक भाग काढतात. आपल्याकडचा कुंभार एका ढिगातून पणत्यांची रांग काढतो, तीच ही रीत.

यातली तोटी पाहण्यासारखी. मातीचा लहानसा शंकू वर चढवायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी गळ्याशी आवळत न्यायचा, इतका की शेवटी आत करंगळीही मावत नाही, काडी घालावी लागते. दर आवळण्यासरशी नळी थोडी पिळली जाते आणि अंगावर तिरक्या सुरकुत्या उमटतात. सुरकुत्या पुसता येतात, आतला पीळ पुसता येत नाही. नख उमटेल पण बोट रुतणार नाही इतकी माती सुकली, की तोटी बुडाशी तिरकी कापून पोटाला जोडतात. टोकही छाटतात, ओठ समतल राहावा म्हणून. आणि भट्टीतून भांडं बाहेर येतं तेव्हा ओठ एका खांद्यावर कललेला! सुकताना आणि भाजताना माती आकसते, पण ओळीने लागलेले पापुद्रे सगळ्या दिशांना सारखे आकसत नाहीत, त्यामुळे दडलेला पीळ बाहेर येतो. मातीला आठवण असते, असं जगभरचे कुंभार म्हणतात ते यालाच. जाणता कारागीर ओठ मुद्दाम वाकडा छाटतो. उरलेलं काम भट्टी करते. किती वाकडा, हे त्याच्या मातीवर आणि हातावर ठरतं. कुठल्या बाजूला, हे चाकाच्या दिशेवर. जपानी चाक बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, इंग्लंड-अमेरिकेतलं उलट. इंग्रजी पुस्तकातला सल्ला जपानी चाकावर जसाच्या तसा वापरला, तर वाकडेपणा दुप्पट होईल.

आकसण्याचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. ओल्या मातीपासून पक्क्या भांड्यापर्यंत लांबीत १२ टक्के घट धरली, तर आकारमान ०.८८ चा घन, म्हणजे ०.६८ उरतं. चाकावर लिटरभराची केलेली चहादाणी भट्टीतून ६८० मिलिलिटरची होऊन निघते. सगळे भाग सारखेच आकसले तर बिघडत नाही. पण पोट जास्त सुकलेलं आणि तोटी ओली अशी जोडणी केली, तर तोटी नंतर जास्त आकसते आणि सांध्यावर चीर पडते. म्हणून सगळे भाग एकाच ओलीला आणून, कडा ओरखडून, मातीचा पातळ राडा लावून जोडतात. झाकण पोटावर ठेवूनच सुकवतात. वाकलंच तर दोघं मिळून वाकतील. भट्टीत ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान केओलिनाइट आपल्या रचनेत बांधलेलं पाणी सोडतं. ५७३ अंशांना क्वार्ट्‌झचे स्फटिक रचना बदलून एकदम फुगतात आणि निवताना तिथेच पुन्हा आवळतात, त्यामुळे घाई केली की भांडं तडकतं. तोकोनामेचा लाल रंग मातीतल्या लोहाचा. भाजल्यावर झाकण आणि तोंड यांच्यामध्ये बारीक भुकटी व पाणी घालून दोन्ही एकमेकांवर घासतात. झाकण मग इतकं चपखल बसतं, की त्याच्या भोकावर बोट ठेवलं तर ओतणं थांबतं. आत हवा शिरायला वाट नाही, तर चहा बाहेर येणार कसा? ते भोक शोभेचं नसतं.

तोटीचं टोक चहादाणीच्या काठापेक्षा खाली ठेवलं, तर काठोकाठ भरण्याआधीच चहा तिथून बाहेर येईल. जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला राहतं, हे शाळेत शिकलेलं. तोटीमागच्या गाळणीच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ तोटीच्या सर्वांत अरुंद जागेपेक्षा कमी पडलं, तर धार रडतखडत येते.

आता रायनर यांचा थेंब. चहा पृष्ठताणामुळे तोटीला चिकटतो, असं कोणीही सांगेल. न्यूयॉर्कचे गणितज्ञ जोसेफ केलर यांनी १९५७ साली वेगळंच उत्तर दिलं. ओठावरून वळताना कडेलगतचा चहा वेगाने जातो, त्यामुळे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवाच धारेला तोटीवर दाबून धरते. याच विषयावरच्या कामासाठी केलर आणि जाँ-मार्क वांदेन-ब्रोएक यांना १९९९ साली इग्नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. हसू येतं, पण गणित खरं होतं. मात्र पुरेसं नव्हतं. २००९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी तोटीच्या ओठाला पाणी अजिबात न धरणारा लेप दिला आणि ओघळ जवळजवळ बंद झाला. म्हणजे पृष्ठभाग ओला होण्यालाही महत्त्व होतं. २०२१ साली व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने दोन्ही धागे जोडले. ओठाच्या खालच्या बाजूला कायम एक थेंब बसलेला असतो. धार जोरात असेल तर ती त्याला न जुमानता पुढे जाते. वेग एका मर्यादेखाली आला, की हा थेंबच धारेला ओठाभोवती वळवून खाली खेचतो. गुरुत्वाचं काम फक्त दिशा ठरवण्याचं. त्यामुळे चंद्रावरच्या तळावरही चहा असाच ओघळेल, अंतराळ स्थानकात मात्र नाही.

कारागिरासाठी याचा अर्थ एवढाच, की तोटी टोकाकडे निमुळती हवी, म्हणजे वेग वाढतो, आणि ओठाची खालची कड धारदार हवी, म्हणजे थेंबाला बसायला जागा कमी मिळते. पण धारदार कड लवकर फुटते आणि झिलई दिली की गोल होते. तोकोनामेची लाल चहादाणी बहुतेकदा झिलईविनाच असते. तिच्या ओठाला याचा फायदा होतो.

हाताने केलेली चहादाणी विकत घ्यायची असेल, तर नक्षी नंतर बघा. दुकानदाराकडे पाणी मागा, अर्धी भरून अगदी सावकाश ओता, मधेच हात झटकन सरळ करा आणि तोटीच्या खालून बोट फिरवा.