टेक-ऑफच्या पावलाचे यांत्रिकी

उंच उडीत टेक-ऑफचा पाय जमिनीला जेमतेम ०.१४ ते ०.२० सेकंद टेकतो. अव्वल पुरुष खेळाडू सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने धावत येतो आणि एवढ्याशा अवधीत त्या आडव्या वेगातून वर जाणारा वेग निर्माण करतो. हा ऊर्ध्व वेग सेकंदाला ४.३ मीटर असेल, तर पाय सुटल्यावर शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे ९४ सेंटिमीटर वर चढतो. त्यासाठी ०.१७ सेकंदांत जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सरासरी साडेतीन पट तरी बल मिळावे लागते. स्नायूला आपले पूर्ण बल उभे करायला मात्र ०.३ सेकंद किंवा अधिक लागतात. त्यामुळे नुसत्या वजनी बैठकांतून कमावलेली ताकद उडीत पुरती उतरत नाही. प्लायोमेट्रिक्सची, म्हणजे झटपट उसळीच्या व्यायामांची, गरज इथे निर्माण होते.

शेवटून दुसऱ्या पावलाला खेळाडू कंबर खाली आणतो आणि टेक-ऑफचा पाय जवळजवळ सरळ ठेवून शरीराच्या पुढे रोवतो. शरीर त्या पायावरून पुढे जाता जाता वर उचलले जाते. गुडघा किंचित वाकतो. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. अशा स्थितीत स्नायू आखडतानापेक्षा जास्त बल देतो. कंडरांमध्ये साठलेली लवचीक ऊर्जाही परत मिळते, पण ताण आणि आकुंचन यांत खंड पडला तर ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

सोव्हिएत प्रशिक्षक युरी व्हर्खोशान्स्की यांनी १९६०च्या दशकात ताण-आकुंचनाचे हेच चक्र सरावात आणले: बॉक्सवरून खाली उतरायचे आणि पाय टेकताच उसळायचे. ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव १९७५ मध्ये अमेरिकी प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी रूढ केले. या व्यायामात बॉक्सच्या उंचीला अवास्तव मान मिळतो. ४० सेंटिमीटरवरून उतरणारा खेळाडू सेकंदाला २.८ मीटर वेगाने जमिनीवर येतो, ८० सेंटिमीटरवरून सुमारे ४ मीटर वेगाने. रिचवायची ऊर्जा मात्र दुप्पट होते. ती पेलली नाही की टाच आपटते, गुडघा खोल वाकतो, संपर्ककाळ लांबतो आणि उंच उडीला हवा तो गुणच सरावातून निसटतो. म्हणून उसळीची उंची भागिले संपर्ककाळ हे गुणोत्तर ज्या बॉक्सवर सर्वाधिक येते, तोच त्या खेळाडूचा योग्य बॉक्स. दोन पायांच्या उड्या पक्क्या झाल्या की एका पायाच्या उड्यांकडे वळावे लागते, कारण टेक-ऑफ एकाच पायावर होतो.

अशा तालमीचे फळ स्वीडनच्या स्टेफान होल्ममध्ये दिसते. अवघी १.८१ मीटर उंची असलेल्या होल्मने २००४ मध्ये अथेन्सला ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि २००५ मध्ये माद्रिदला इनडोअर स्पर्धेत २.४० मीटर उडी मारली. तरीही २००७ च्या ओसाका जागतिक स्पर्धेत तो चौथा आला आणि बहामाचा डोनाल्ड थॉमस विजेता ठरला. बास्केटबॉलमधून आलेल्या थॉमसला या खेळात जेमतेम दीड वर्ष झाले होते. शरीराची जन्मजात ठेवण सरावाइतकीच बोलते, हे प्रशिक्षकांनी मान्य करायला हवे.

कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात. भार घाईने वाढवला तर गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दुखू लागते. म्हणून दोन कठीण सत्रांमध्ये किमान ४८ तास ठेवतात आणि संपर्ककाळ लांबू लागताच, खेळाडू थकलेला दिसत नसला तरी, संच थांबवतात.