दोष निअर-प्लेनचा, शिक्षा फार-प्लेनला

गैरसमज: लांबचे डोंगर लुकलुकतात, म्हणजे फार-प्लेन जवळ आणायला हवा.

दहा हजार मीटरचे हजार करून बघा, काहीच सुधारत नाही. दोषी कॅमेऱ्याच्या नाकासमोर आहे. पर्स्पेक्टिव्हमध्ये डेप्थचे मूल्य अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे डेप्थ बफरची अचूकता कॅमेऱ्यापुढच्या इवल्याशा जागेतच खर्च होते. निअर ०.१ आणि फार १००० मीटर धरला, तर पहिल्या मीटरभरातच सुमारे ९० टक्के मूल्ये संपतात. उरलेल्या ९९९ मीटरांनी १० टक्क्यांत संसार करायचा! २४ बिटांच्या बफरमध्ये हजार मीटरवरचे दोन पृष्ठभाग वेगळे ओळखू यायला त्यांच्यात साधारण ६० सेंटिमीटर अंतर लागते. निअर १ मीटरवर नेला की ६ सेंटिमीटर पुरतात. फार मात्र दहापट वाढवला तरी या आकड्यात नावापुरताही फरक पडत नाही.

निअर शून्य ठेवणारेही भेटतात. मग जवळच्या-लांबच्या सगळ्याच बिंदूंची डेप्थ एकच येते आणि कोण पुढे, कोण मागे हे ठरवायला काही उरत नाही. निअर खरोखरच लहान हवा असेल, तर डेप्थ उलटी ठेवून (निअरला १, फारला ०) ३२ बिटांचा फ्लोटिंग-पॉइंट बफर वापरावा. माझ्या मते नव्या प्रकल्पात सुरुवातच तिथून करावी.

गैरसमज: जादा क्लिपिंग प्लेन लावला की काम हलके होते.

फारसे नाही. कापला जाणारा प्रत्येक शिरोबिंदू आधी व्हर्टेक्स शेडरमधून जातोच. अख्खी वस्तू आधीच वगळायची असेल, तर ते कलिंगचे काम.

गैरसमज: इंजिनाचे मॉडेल कापले की भरीव छेद दिसेल.

मॉडेल म्हणजे नुसती कातडी. कापल्यावर आतली पोकळी दिसते. झाकण स्टेन्सिल बफरच्या मदतीने आपणच रंगवायचे.

राहता राहिला ‘क्लिपिंग प्लेन कॅमेऱ्याबरोबर फिरतो, ड्रायव्हरच बिघडलाय’ हा आरोप. जुन्या ओपनजीएलमध्ये प्लेन देताना जो मॉडेलव्ह्यू मॅट्रिक्स चालू असेल, त्यानुसार तो तिथेच कॅमेऱ्याच्या निर्देशांकांत बदलून साठवला जातो. म्हणून कॅमेरा लावल्यानंतर, आणि दर फ्रेमला नव्याने, प्लेन द्यावा. नव्या पद्धतीत शेडरमध्ये प्लेनपासूनचे अंतर आपणच लिहायचे. ते ऋण आले की तो भाग कापला जातो. अट एकच: अंतर आणि प्लेन एकाच निर्देशांकांत मोजलेले हवेत.